परातीतला उत्तर ध्रुव

परातीतला उत्तर ध्रुव वितळायला लागला, तरी साहेबांचा पत्ता नव्हता.

साहेब म्हणजे शाळा तपासनीस महिपतराव. दहाला येणार होते; अकरा वाजून गेले होते. शरयूच्या सासूबाईंना ताप भरला म्हणून तिची दीड वर्षाची लेक कुमुदिनीही आज शाळेत आली होती. तिला कडेवर घेऊन शरयू टेबलाभोवती घिरट्या घालत होती. टेबलावर घरची पितळी परात. परातीत शाळेच्या बागेतली माती, मातीत अकरा गांडुळं, वर मसाल्याच्या डब्यातलं मूठभर दगडफूल आणि सगळ्यांच्या डोक्यावर बर्फाची लादी. ध्रुवावर गांडुळं नसतात हे बी.एस्सी. झालेल्या शरयूला चांगलं ठाऊक होतं. पण ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात मातीतले जीव डोळ्यांना दिसत नाहीत, आणि न दिसणारी गोष्ट सरकारला दाखवायची कशी?

तिचा सगळा जीव त्या परातीत अडकला होता. आठ दिवसांनी मध्यभारत राज्य संपून भोपाळ राजधानीचं नवं राज्य व्हायचं होतं. चार प्रदेशांतल्या शिक्षकांची एकच यादी बनत होती. मुलींच्या शाळेला विज्ञानाची बाई हवी की नको, हे महिपतराव आजचा पाठ बघून ठरवणार होते. 'नको' ठरलं तर शरयूचं शिकवणंच संपलं. सासऱ्यांनी लग्नानंतर मोठ्या मनाने परवानगी दिली होती ती "सरकार ठेवील तोवर कर नोकरी" अशी. तेव्हा सरकार स्वतः राहील की नाही, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

शिपाई कान्होजी धापा टाकत आला. "बाई, साहेब इंदरगंजातच आहेत. ऑफिसच्या खुर्च्या ट्रकवर लदवताहेत. भोपाळला चालल्या."

"मग येणार कधी?"

"बस, निघतोच म्हणाले. मी गेलो तेव्हाही तेच म्हणाले आणि मी निघालो तेव्हाही."

मुख्याध्यापिका शालिनीताई दारातून परातीकडे बघत होत्या. "शरयू, त्या लादीवर गोणपाट टाक."

"गोणपाट टाकलं की ध्रुव दिसत नाही, ताई."

"नसू दे दिसत. टिकू दे."

गोणपाट टाकलं. ध्रुव काही टिकला नाही. बारा वाजता कान्होजी दाल बाजारातून सायकलवर दुसरी लादी घेऊन आला. निम्मी वाटेत रस्त्यालाच देऊन आला होता. पहिलीचं पाणी मुरून मातीचा चिखल झाला होता. मातीत हवा उरली नाही, तशी गांडुळं वर आली आणि काठाकडे निघाली. शरयूने मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाच. मग तिने कुमुदिनीकडे पाहिलं. कुमुदिनी काहीतरी चघळत होती.

पुढची पाच मिनिटं उत्तर ध्रुवाकडे कोणी बघितलं नाही. शरयूने लेकीच्या तोंडात बोट घातलं, शालिनीताईंनी पाठीत थापट्या दिल्या, वर्गातल्या बावीस मुली बाकांवर चढल्या. शेवटी तोंडातून दगडफूल निघालं. अकरावं गांडूळ टेबलाखाली सापडलं. ते सगळ्यांच्या आधी निघालं होतं.

"बाई, दगडफूल खाल्लं तर काही होतं?" एका मुलीने विचारलं.

"काही नाही. तिकडची रेनडिअर हरणं थंडीत हेच खातात," शरयू म्हणाली. मुली उभ्याच होत्या आणि सगळ्यांचे डोळे परातीवर होते, म्हणून ती थांबली नाही. तिने सांगितलं की बर्फ आपल्या वेळेला वितळला तर माती जागी होते, तिच्यातले बारीक जीव पाचोळा कुजवतात, गवत उगवतं, हरणं जगतात. भलत्याच वेळी वितळला तर हे असं होतं. मातीतले जीव गुदमरतात, ज्यांना जमतं ते पळतात, आणि हरणाला पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. उत्तरेकडचा बर्फ वर्षानुवर्षं मागे हटतोय, हे तिने कॉलेजात असताना एका मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून तिला त्याची काळजी लागली होती. तशी तिला बऱ्याच गोष्टींची काळजी असे.

अडीच वाजता महिपतराव आले. कोटावर ट्रकची धूळ होती. "माफ करा हं. माझी स्वतःची खुर्चीच ट्रकवर चढली होती. ती उतरवेपर्यंत वेळ गेला. हां, दाखवा. बर्फ कुठाय?"

परातीत गढूळ पाणी होतं. त्यावर गोणपाट तरंगत होतं. काठाशी तीन गांडुळं निपचित पडली होती.

"आत्ता मागवते, साहेब," शालिनीताई घाईने म्हणाल्या.

"आज नाही मिळायचा," कान्होजी म्हणाला. "दिवाळी आली. उरलेला सगळा हलवायांनी उचलला."

"अरे, मग त्यात काय," महिपतराव म्हणाले. "उद्या नवी लादी ठेवा. मी उद्या येतो. बस, दहाच्या ठोक्याला."

त्यांच्या पाठीमागून शालिनीताई 'हो म्हण, हो म्हण' असं खुणावत होत्या. शरयूलाही हो म्हणायचं होतं. एक शब्द, आणि सगळं नीट झालं असतं. तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि परातीकडे पाहिलं.

"दोन लाद्या झाल्या, साहेब," ती म्हणाली. "ध्रुवाला एकच असते."

शालिनीताईंनी डोळे मिटून घेतले. महिपतराव परातीवर वाकले. त्यांनी एक गांडूळ बोटाने हलवून पाहिलं. ते हललं नाही. मग त्यांनी बोट रुमालाला पुसलं, खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्याच शेऱ्याचा कागद भरला. शिक्का भोपाळला गेला होता. नुसती सही केली.

ते गेल्यावर शालिनीताईंनी कागद उचलला आणि मोठ्याने वाचला:

"प्रयोग पूर्ण यशस्वी. विज्ञानाची जागा कायम ठेवावी. तपासनीस उशिरा पोहोचले."