संमतिपत्र

ट्रकखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते आणि ती त्या पायांशी बोलत होती.

"अहो, एक सही. एवढंच मागतेय. चारच्या आत द्यायचाय कागद."

पाय हलले नाहीत. खालून पान्याची खटखट चालूच राहिली.

ड्युटी अर्धवट टाकून ती नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतच आली होती. तेलकट फरशीवर तिनं गुडघे टेकले आणि कागद ट्रकखाली सरकवला. "आपल्या पोरीची निवड झालीय. बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेला, दहा वर्षांखालच्या मुलींमध्ये. सगळ्या देशातून दोघीच जाणार. पण परदेशी पाठवायचं तर आई-वडील दोघांची संमती लागते. महिनाभर तुमचा पत्ता शोधतेय, आज सकाळी मिळाला. सही नसेल तर तिच्या जागी तिसऱ्या नंबरची मुलगी जाईल."

खटखट थांबली. कागद होता तसा परत बाहेर आला. कोपऱ्यावर काळा अंगठा उमटला होता.

"तूच कर माझ्या नावानं. कोण बघतंय?"

ते तिनं कालच केलं असतं. पेन टेकवलंही होतं. पण खाली बारीक अक्षरात छापलं होतं: खोटी सही आढळल्यास खेळाडूवर कायमची बंदी. तिची छाती झाली नाही.

शेवटी तो सरपटत बाहेर आला. आठ वर्षांत केस निम्मे पांढरे झाले होते. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही; आधी कोपऱ्यातल्या केबिनकडे पाहिलं.

"हळू बोल. आत सासरा बसलाय. गॅरेज त्याचंच आहे. माझं आधी लग्न झालेलं, मूल आहे, यातलं काही म्हणजे काही माहीत नाही त्याला. उद्या हा कागद कुठून निघाला तर संसाराची माती होईल माझ्या. दोन लहान पोरं आहेत गं मला."

"हीपण तुमचीच आहे."

तो फडक्यानं हात पुसू लागला. पुसतच राहिला.

वॉर्डात ती रोज नातेवाइकांच्या सह्या घ्यायची. ऑपरेशनच्या आधी थरथरत्या हातात पेन द्यायचं, 'इथं करा' म्हणायचं, की हात आपोआप चालायचे. इथं पेन पुढे धरून धरून तिचाच हात भरून आला. वाटलं, सरळ केबिनमध्ये शिरावं आणि सगळं ओरडून सांगावं. पण सांगितलं की संपलंच. मग त्याला भीती कसली, आणि तो सही करेल तरी कशाला?

ती वाकली आणि तिनं त्याचे ग्रीसनं माखलेले बूट दोन्ही हातांनी धरले.

"आई, सव्वातीन झाले."

फाटकाशी थांब म्हणून बजावलेली मुलगी मागे येऊन उभी होती. क्लासमध्ये तिला सगळे मुंगी म्हणत. तिची प्यादी एकेक घर चालत जायची आणि बरोब्बर पोचायची. आपण कुणाकडे चाललोय, ते आईनं तिला रस्त्यात सांगितलं होतं. आता ती वाकलेल्या आईकडे बघत होती, मग त्या माणसाकडे, मग केबिनच्या दाराकडे. पटावर बघायची तशी.

दार उघडलं. कपाळावर चष्मा चढवलेले म्हातारे मालक बाहेर आले.

"काय चाललंय रे? कोण या बाई? पाया का पडतायत तुझ्या?"

त्यानं घाईनं बूट मागे ओढले. ती उठून उभी राहिली. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात मुंगी पुढे झाली.

"नमस्कार आजोबा. मी बुद्धिबळ खेळायला परदेशी चाललेय. फॉर्मवर ओळखीच्या माणसाची सही लागते. आई म्हणाली, हे काका ओळखीचे आहेत."

काका. त्यानं पहिल्यांदाच मुलीकडे नीट पाहिलं.

मालकांचा चेहरा खुलला. "अरे वा! एवढीशी चिमुरडी आणि परदेशी? मग कर की रे सही! हात झिजणार आहे का तुझा? नाहीतर आण इकडे, मीच करतो. बघू तो कागद."

"नको!" तो जवळजवळ ओरडलाच. "मी करतो."

बॉनेटवर कागद ठेवून, मालकांकडे पाठ करून त्यानं सही ओढली. दोन सेकंद लागले.

मालकांनी मुंगीच्या गालाला हात लावला. "जिंकून ये हं. आणि या काकांना विसरू नकोस."

"नाही विसरणार," मुंगी म्हणाली.

दोघींनी रिक्षा पकडली. बुद्धिबळ संघटनेच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. कारकुनानं कागदावरून भराभर बोट फिरवलं. "फोटो आहे. आईची सही आहे. वडिलांची आहे. आणि हे काय? सही करणाऱ्याचं मुलीशी नातं? रकाना रिकामाच ठेवलाय त्यांनी. कुणीही भरा, पण पटकन. यादी निघालीय."

आईनं पेन घेतलं. टोक रकान्यापर्यंत नेलं आणि परत उचललं.

मुंगीनं तिच्या बोटांतून पेन सोडवून घेतलं. चवड्यांवर उभी राहिली, कोपर टेबलावर टेकवलं. 'व' काढला, 'ड' काढला आणि थांबली.

"आई, वडीलमधली वेलांटी पहिली की दुसरी?"