उतरलेला कट-ऑफ

कृषी बँकेच्या अधिकारी पदाची परीक्षा नवरा-बायकोनं जोडीनंच दिली. आदल्या वर्षी तो पडला, तेव्हा त्याचा हात तिच्यावर उठला होता. या वेळी ती पुढे गेली असती तर काय झालं असतं, ते तिला न सांगता कळत होतं. म्हणून तिनं येणारे प्रश्नही सोडून दिले. मागच्या कट-ऑफच्या बरीच खाली राहील, इतकाच पेपर सोडवला.

निकाल लागला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"पेपर सगळ्यांनाच अवघड गेला. कट-ऑफ पार खाली आलाय. तरी माझं हुकलं."

"माझं तर कसलं होतंय!" ती उसनं हसली.

"यादीत तुझा नंबर आधी दिसला मला," तो म्हणाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.