आणखी एक मिनिट

नागपुरात पाली शिकणाऱ्या खिनला एका परदेशी संसदेच्या समितीनं व्हिडिओवर साक्षीला बोलावलं होतं. म्यानमारमध्ये सत्ता बळकावलेल्या लष्करानं विमानातून शाळेवर बॉम्ब टाकले, त्यात तिचा शिक्षक भाऊ गेला. त्याचा तडकलेला चष्मा तिनं कॅमेऱ्यासमोर धरला, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “आम्हाला तीव्र चिंता वाटते. धन्यवाद, वेळ संपली.” दारातून बघणाऱ्या घरमालकीण मायामावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण पोरीला गप्प केलेलं कळलं. त्या तरातरा कॅमेऱ्यापुढे आल्या. “काहून अडवून राहिले? तिचं बोलणं कुठं संपलं?” खिननं अर्थ सांगितल्यावर चपापलेल्या अध्यक्षांनी आणखी एक मिनिट दिलं. “बोल वं पोरी,” मावशी म्हणाल्या. खिनचा आवाज संतापानं चढला. “त्या विमानांचं इंधन तुमच्याच बंदरांतून जातं. कधी थांबवणार?” मिनिट सरलं. एकाही सभासदाचा माइक सुरू झाला नाही.