बांधावर झाड नको

राखणदार बांधाच्या उतारावर ओणवा होऊन रोपटी उपटत होता. सुट्टीला आलेली ती पायथ्याशी येऊन म्हणाली, “जेवायला वाढलंय.”

आईने त्याच्याशी दुसरं लग्न केल्यापासून तिने त्याला कधी हाकच मारली नव्हती. काही सांगायचं तर वाऱ्याला सांगावं तसं सांगायची.

“आलोच. हे एवढं काढतो.”

“राहू द्या की एखादं.”

“मातीचं धरण आहे, पोरी. मूळ आत कुजलं की पाण्याला आयती वाट. मग खालचं गाव गेलंच समज.”

“माहितीये.”

आठव्या वर्षापासून माहीत होतं. हे धरण नव्हतं तेव्हाच्या पुरात तिचे वडील वाहून गेले. नव्या घरी आल्यावर तिने त्यांच्या आठवणीसाठी बांधावर एक रोप लावलं, हातातलं तांब्याचं कडं त्याच्या बेचक्यात अडकवलं. सकाळी रोप नव्हतं, कडंही नव्हतं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

धरणात पाणी पुरापुरतंच. एरवी आत नुसतं गवत, आणि संध्याकाळी त्या गवतावर धुकं तळ्यासारखं भरून यायचं. जेवण झालं की राखणदार त्या धुक्यातून पलीकडच्या टेकडीवर जाऊन एकुलत्या एका झाडाखाली बसायचा.

“दुसरी सासुरवाडी केलीय तिकडे,” आई हसायची.

त्याही संध्याकाळी तो छत्री घेऊन निघाला. दारात थबकला.

“येतेस?”

“पाय दुखतायत.”

“बरं.”

धुक्यात तो कमरेपर्यंत बुडाला, मग खांद्यापर्यंत. मग नुसती छत्री तरंगत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपेतच गेला.

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी आई म्हणाली, “त्यांची छत्री टेकडीवरच राहिलीय बघ. आण जा.”

ती पहिल्यांदाच धुकं ओलांडून वर चढली. छत्री फांदीला टांगलेली होती. खाली बसून बसून तिथलं गवत उडालं होतं. तीही त्याच जागी टेकली. समोर अख्खा बांध दिसत होता, सरळ आणि बोडका.

उठताना आधाराला तिने बुंध्याच्या बेचक्यात हात घातला. काहीतरी गार लागलं. सालीने अर्धं गिळलेलं, उरलेलं हात फिरून फिरून चकचकीत झालेलं, लहान मुलीच्या मनगटाएवढं तांब्याचं कडं.

खाली घरात दिवा लागला.

“बाबा,” ती म्हणाली, “जेवायला वाढलंय.”