उजवा हात

टीव्हीचा आवाज मोठा झाला की आजी भिंतीला टेकायची. आता आजोबांचा उजवा हात उठणार आणि आपलं ओरडणं शेजारी कुणाला ऐकू जाणार नाही, हे तिला ठाऊक असायचं. उतारवयात ती बाराखडी गिरवताना सापडली, तेव्हा त्याच हाताने तिचे पुढचे दात पाडले होते.

आता पक्षाघाताने आजोबांची वाचा गेली आहे. आजी त्यांना पेपर वाचून दाखवते, व्यायाम देते, घास भरवते.

"पाय छान सुधारला," फिजिओ म्हणाली. "मग हातच कसा लाकडासारखा? आजी, रोज व्यायाम देता ना?"

"एक दिवस चुकत नाही गं पोरी."



ती गेल्यावर आजीने पायाला व्यायाम दिला, मानेला दिला, उजवा हात रोजच्यासारखा तसाच पांघरुणाखाली खोचला आणि हळू आवाजात टीव्ही लावला.