दोन शर्ट

आमच्या ठमी मांजरीला माझ्या नवऱ्याचा भारी लळा. पण परवा तो महिनाभराच्या कामावरून परतला आणि ती पाठीची कमान करून त्याच्यावर फिस्कारली.

“बाईसाहेब विसरल्या वाटतं मला!” तो हसला.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, “ती चिडलेली नाही, घाबरलीये. बळेच उचलू नका. त्यांचा घातलेला शर्ट तिच्याजवळ ठेवा. वास ओळखला की निवळेल.”

आज सकाळी त्याचा कालचा शर्ट मी टोपलीत ठेवला. ठमी फिस्कारत कपाटाखाली शिरली.

मग मला तो जाण्याआधीचा शर्ट आठवला. बाळ त्याच्या वासाने झोपायचं, म्हणून मी तो धुतलाच नव्हता. तो ठेवताच ठमी बाहेर आली, त्यात नाक खुपसून घुरघुरू लागली.

मी वळून पाहिलं. खिडकीपाशी तो बाळाला जोजवत होता.

“दे इकडे.”

“अगं, आत्ताच तर घेतलंय,” तो म्हणाला, पण दिलं.

बाळाला छातीशी घट्ट धरून मी टोपलीशेजारी बसले. ठमीने रोजच्यासारखं बाळाचं पाऊल हुंगलं.

तिची घुरघुर थांबली. मग हळूहळू तिचे कान मागे पडले आणि पाठीची कमान झाली.