कुलपाची फाइल

'टिटवी' या टोपणनावाने आलेली दुरुस्ती त्याने तिसऱ्यांदा नाकारली. टेबलापलीकडे बसलेल्या लेकीने ते पाहिलं.

"बाबा, कारण तरी लिहा."

"लिहिलंय. या फाइलला बाहेरच्यांनी हात लावायचा नाही."

दवाखान्यात सलाइनमधून औषधाचे किती थेंब सोडायचे, हे ठरवणारा त्याचा प्रोग्राम. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने तो जगासाठी खुला केला. कुणीही वाचावा, चुका काढाव्यात, दुरुस्त्या पाठवाव्यात. घ्यायच्या की नाही, ते तो ठरवणार. आता कितीतरी देशांतली यंत्रं त्यावर चालत होती. शेकडो अनोळखी लोकांच्या दुरुस्त्या त्याने आनंदाने घेतल्या होत्या. या टिटवीने मात्र त्याची झोप उडवली होती.

खरं नाव नाही, फोटो नाही. दोन वर्षं गुपचूप बारीकसारीक चुका काढल्या. मग गजराचा आवाज सुधारला. आणि आता थेट कुलूप: यंत्राची सेटिंग बदलायला कुणाला आत घ्यायचं, ते ठरवणारी फाइल.

"आधी विश्वास कमवायचा, मग आत शिरायचं," तो म्हणाला. "अशीच असतात ही माणसं."

"काम तर चोख दिसतंय. नुसती साफसफाई आहे, असं लिहिलंय."

"तू अजून लहान आहेस."

"चौतीस वर्षांची आहे मी." लेक हसली. त्याला हसू आलं नाही.

त्याला घास गिळवेना. फोन वाजला की तो नंबर दोनदा तपासायचा. दारावरची बेल वाजली तरी तो आधी खिडकीतून बघायचा.

"किती जिवाला लावून घ्याल?" बायको म्हणाली. "पोरीवर सोपवून मोकळे व्हा आता."

"सोपवतो. ती एक फाइल सोडून सगळं."

मंगळवारी सकाळी लेक लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत आली. तिने दार लावून घेतलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"तुम्ही तीनदा नाकारलं, म्हणून टिटवीने मला खासगी पत्र पाठवलंय. आपल्या कुलपात चोरवाट आहे. एक ठरावीक शब्द टाकला, की कुठलंही यंत्र उघडतं. मग बसल्या जागेवरून कुणीही थेंब वाढवू शकतं."

"म्हणजे माझा संशय खरा होता. त्या टिटवीनेच घातली असणार."

"नाही बाबा. ती बंद करायलाच तिने तीनदा दुरुस्ती पाठवली. उघड लिहिलं असतं, तर कुणीही ती वाट वापरली असती. म्हणून साफसफाई म्हटलं."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"मग कुणी घातली, ते लिहिलंय?" त्याने विचारलं.

"नाही. तिला ते माहीत नाही. पत्रात फक्त तो शब्द दिलाय."

लेकीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एकच शब्द होता: भिंगरी. लहानपणी तिला या नावाने हाक मारणारा माणूस जगात एकच होता.